केस कां गळतात व त्यांस काय करावें

गतवर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर शाळा पुन्हां सुरू झाली, तेव्हां दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी डोक्यास रुमाल घट्ट बांधून मागच्या बाकावर बसूं लागल्याचें आमच्या दृष्टीस आलें. पूर्वीं ती पहिल्या बाकावर बसत असे, आणि प्रश्न विचारतांच तिचा हात सर्वांच्या आधीं वर जात असे. शाळेच्या गणवेषांत रुमालास स्थान नाहीं. म्हणून दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशीं आम्हीं तिला वर्गासमक्ष तो काढावयास सांगितलें, व नटवेपणाविषयीं दोन कठोर शब्दहि बोललों. तिनें रुमाल काढला नाहीं. ती रडत वर्गाबाहेर गेली. मधल्या सुटींत तिनें कागदाची एक पुडी आमच्या टेबलावर आणून ठेविली. तींत विंचरतांना गळालेले केस होते, व पुष्कळशा केसांच्या एका टोंकास पांढरा ठिपका होता. “सर, मुळेंच निघून येत आहेत, आतां नवे केस कोठून येणार?” एवढेंच ती म्हणाली.

पुढें चौकशी करितां आणखी एक गोष्ट कळली. सहलीकरितां घरून आलेले पैसे तिनें मोबाइलवरील जाहिरात पाहून तेलाच्या एका बाटलीवर खर्च केले होते, आणि बरें वाटत नाहीं असें सांगून सहलीस जाण्याचें टाळलें होतें. बाटली संपत आली होती. केस गळतच होते. वर्गांत आम्ही जें बोललों त्याची आम्हांस लाज वाटली, आणि तिच्या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं याची अधिक वाटली. तें उत्तर शोधण्याकरितां आम्हीं कांहीं वाचन केलें, त्वचारोगाच्या एका जाणत्या डॉक्टरांस विचारलें, व जें समजलें तें येथें सर्वांकरितां लिहीत आहों. कारण अशी पुडी दप्तरांत लपवून बसलेलीं मुलें-मुली आणखीहि असतील.

प्रथम केस म्हणजे काय तें पाहूं. डोक्यावर जो केस आपणांस दिसतो तो निर्जीव असतो. म्हणूनच तो कापतांना दुखत नाहीं. नखें ज्या द्रव्याचीं बनतात त्याच केराटिन नांवाच्या प्रथिनाचा तो बनलेला आहे. जिवंत भाग आहे तो त्वचेच्या आंत, एका चिंचोळ्या खळग्यांत. त्यास केशकूप म्हणतात. केशकूपाच्या तळाशीं नव्या पेशी सारख्या तयार होत असतात. त्या जुन्या पेशींस वर ढकलतात, आणि वर येतां येतां त्या कठीण होऊन मरतात. असा वर ढकलला गेलेला दोरा म्हणजे केस. तो महिन्यास सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. ज्या मुलीची वेणी ६० सेंटिमीटर लांब आहे, तिच्या वेणीचा शेंडा पांच वर्षांपूर्वीं उगवलेला असतो. म्हणजे आज दहावींत असलेली मुलगी पांचवींत असतांनाचा केस पाठीवर वागवीत असते. इतक्या जुन्या, निर्जीव दोऱ्यास जपलें पाहिजे हें खरें. परंतु त्यास ‘खाऊं घालतां’ येत नाहीं हेंहि तितकेंच खरें. केसांस पोषण देणारी वस्तु ती, जी रक्तावाटें केशकूपास पोंचते.

केशकूप अखंड काम करीत नाहीं. तो दोन ते सहा वर्षें केस वाढवितो, नंतर दोन-तीन आठवडे काम आवरतो, व मग सुमारें तीन महिने विश्रांति घेतो. विश्रांति संपली म्हणजे जुना केस गळतो व त्याच जागीं नवा वर येतो. निरोगी मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. त्यांपैकीं शेंकडा ८५ ते ९० वाढत असतात व बाकीचे बहुतेक विश्रांतींत असतात. आतां अंकगणित करून पाहा. शेंकडा १० केस विश्रांतींत धरले तर ते १० हजार झाले. हे १० हजार सुमारें १०० दिवसांत गळावयाचे. म्हणजे दिवसास १००. यावरून रोज ५० ते १०० केस गळणें हा रोग नसून निसर्गाचा क्रम आहे. जी मुलगी आठवड्यांतून दोनदांच न्हाते तिला न्हाण्याच्या दिवशीं मोरीच्या जाळीवर मोठा पुंजका दिसतो. तो तीन-चार दिवसांचा सांचलेला असतो, हें तिनें ध्यानांत ठेवावें.

पुडींतील पांढऱ्या ठिपक्याचें कोडेंहि येथेंच सुटतें. विश्रांति घेणाऱ्या केसाचें खालचें टोंक फुगून लहानशा गदेसारखें होतें व पांढरें दिसतें. तें मूळ नव्हे. केस गळाला तरी केशकूप त्वचेंतच राहतो, आणि त्याचें काम पुन्हां सुरू होतें. म्हणून पांढरा ठिपका पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. केस आपला काळ पुरा करून गळाला, एवढेंच तो सांगतो. उलट ठिपका नसून केसाचे आंखूड तुकडे पडत असतील, तर केस गळत नसून तुटत आहेत असें समजावें. या दोन गोष्टींचे उपाय निराळे आहेत, तें पुढें येईल.

मग एकाएकीं गळणें वाढतें कां? दुष्काळाच्या वर्षीं शहाणा कुटुंबवत्सल मनुष्य आधीं धान्याची सोय पाहतो व घराची रंगरंगोटी पुढच्या वर्षावर टाकतो. शरीरहि असेंच वागतें. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, एकाएकीं केलेली उपासमार किंवा मनास बसलेला जबर धक्का, अशा प्रसंगीं पुष्कळसे केशकूप आपलें काम मध्येंच थांबवून एकदम विश्रांति घेऊं लागतात. परंतु विश्रांति सुमारें तीन महिन्यांची असल्यामुळें केस त्या वेळीं गळत नाहींत. ते दोन-तीन महिन्यांनीं, एकदमच गळूं लागतात. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन यांनीं १९६१ सालीं या प्रकाराचें शास्त्रीय वर्णन केलें. २०२० व २०२१ या सालांत करोनाच्या तापांतून उठलेल्या अनेकांस हाच अनुभव आला. ताप विसरला जातो, आणि दोष येतो तो नव्या साबणावर, वसतिगृहाच्या पाण्यावर किंवा कोणाच्या दृष्टीवर.

आमच्या विद्यार्थिनीस ऑगस्टमध्यें विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, झाला होता. ती पंधरा दिवस अंथरुणावर होती व पुढें महिनाभर पेज आणि बिस्किटें यांपलीकडे फारसें खात नव्हती. ऑगस्टपासून तीन महिने मोजले म्हणजे दिवाळी येते. केस गळण्याचें कारण शोधतांना आजचा दिवस पाहूं नये, तीन महिन्यांमागचा पाहावा, हा पहिला व मुख्य धडा आम्ही यावरून शिकलों.

याच गोष्टींत जाहिरातींचें सारें रहस्य आहे. अशा प्रकारचें गळणें बहुधा सहा महिन्यांच्या आंत आपोआप थांबतें. मनुष्य मात्र गळणें ऐन भरांत असतां बाटली विकत घेतो. पहिली बाटली फुकट जाते, दुसरीहि जाते, तिसरी चालू असतां गळणें थांबतें. आणि तिसऱ्या बाटलीची कीर्ति गांवभर होते. बाटली खोटी असेलच असें नाहीं. पण थांबण्याचें श्रेय तिचें नव्हे. डोकें भादरल्यानें केस दाट येतात ही समजूतहि अशीच. वस्तरा त्वचेवर फिरतो; केशकूप त्वचेच्या आंत असतो. कापलेल्या केसाचें टोंक बोथट असल्यामुळें तो जाड भासतो, इतकेंच.

सर्वच गळणें असें आपोआप थांबतें असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्याच मस्तकाचें उदाहरण घ्या. तिशीच्या आंतच कपाळ दोन्ही बाजूंनीं मागें सरूं लागलें, आणि आज टाळूवर जें मैदान झालें आहे तें विद्यार्थ्यांच्या परिचयाचें आहे. आमच्या वडिलांचेंहि असेंच होतें. हें आनुवंशिक टक्कल. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं दाखविलें कीं, यांत घराण्याचा वारसा व पुरुषाच्या शरीरांतील अंतःस्राव हीं दोन्हीं लागतात. यांत केशकूप हळूहळू लहान होत जातात व केस बारीक होत होत लवेसारखे होतात. स्त्रियांतहि हें आढळतें. तेथें कपाळ न सरतां भांग रुंद होत जातो. यावर कांद्याचा रस, माका किंवा खोबरेल यांचा उपयोग होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. मिनॉक्सिडिल नांवाचें औषध मूळचें रक्तदाबावरचें. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागले, म्हणून तें डोक्यास लावून पाहण्यांत आलें, व १९८८ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. त्यानें कांहींस गुण येतो. पण तें थांबविलें कीं गुणहि जातो, व डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें घेऊं नये. आम्हीं तें घेतलें नाहीं. टकलामुळें आमचें एकहि काम अडलें नाहीं, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

आणखी कांहीं प्रकार ओळखून ठेवावे. डोक्यावर एकाएकीं रुपयाएवढी गुळगुळीत, चकचकीत जागा पडते, तिला आपल्याकडे चाई म्हणतात. हा शरीराच्या संरक्षक शक्तीनें चुकून केशकूपांवर केलेला हल्ला होय. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. लहान मुलांच्या डोक्यावर खवले, खाज व तुटके केस असलेला डाग दिसला, तर तो बहुधा नायटा असतो. तो मात्र दुसऱ्यास लागतो, व वरून लावण्याच्या मलमानें तो बरा होत नाहीं. पोटांत औषध घ्यावें लागतें. थायरॉईड ग्रंथीच्या विकारानें व कांहीं औषधांनींहि केस गळतात.

कारण शोधल्यावांचून उपाय करणें किती व्यर्थ आहे याचें मोठें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्याच्या परिसरांत डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या महिन्यांत १८ गांवांतील २७९ लोकांचे केस एकाएकीं गळाले. प्रथम डोकें खाजे, मग केस हातीं येत, व थोड्याच दिवसांत टक्कल पडे. पुरुष, स्त्रिया, मुलें कोणी सुटलें नाहीं. आधीं पाण्याचा संशय आला, मग बुरशीचा. कोणी शांपूस दोष दिला. विंचूदंशावरील संशोधनामुळें प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं रोग्यांचें रक्त, लघवी व केस तपासविले, तसाच ते खात असलेला रेशनचा गहूंहि तपासविला. आणि त्या गव्हांत सेलेनियम हें द्रव्य अतोनात आहे, तो गहूं पंजाब-हरियाणाकडचा आहे, व तेंच या विकाराचें कारण आहे, असें त्यांनीं फेब्रुवारी २०२५ मध्यें सांगितलें. एप्रिलमध्यें त्या भागांतील कांहीं लोकांचीं नखेंहि गळूं लागलीं. केस व नखें दोन्हीं जाणें हें सेलेनियमच्या बाधेचें जुनें ठाऊक असलेलें लक्षण आहे.

यांत विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, सेलेनियम हें शरीरास अगदीं सूक्ष्म प्रमाणांत लागतें, आणि ‘केसांकरितां’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत तें घातलेलें असतें. जें थोडें असतां हितकर तेंच फार झालें असतां केस घालवितें. अमेरिकेंत २००८ सालीं शक्तिवर्धक म्हणून विकलेल्या एका द्रवांत चुकीनें सेलेनियम फार पडलें, व तें घेणाऱ्या २०१ लोकांस बाधा झाली. जीवनसत्त्व ‘अ’ याचीहि अशीच गोष्ट आहे. म्हणून गोळ्यांनीं केस येतील या आशेनें हातास येईल ती गोळी गिळूं नये.

आतां उपायांकडे वळूं. आपल्या घरांतील कोणते उपाय खरोखर कामाचे आहेत?

सर्वांत पहिला उपाय स्वयंपाकघरांत आहे. केस प्रथिनाचा बनतो. तेव्हां आहारांत प्रथिन पुरेसें हवें. वरण, मटकी-मुगाची उसळ, शेंगदाणे, दूध, दहीं, अंडें, मासळी, यांतील जें ज्याच्या घरीं चालतें व परवडतें तें त्यानें रोज खावें. तापांतून उठलेल्या मुलास ‘हलकें’ म्हणून महिनोन्महिने पेजेवर ठेवणें ही माया नव्हे. भूक परत येतांच मऊ खिचडी, वरणभात, अंडें सुरू करावें. दुसरी वस्तु लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. ज्या मुलीच्या अंगांत रक्तच कमी तिच्या केशकूपास काय मिळणार? माठ, चाकवत, मेथी, हळिवाचे लाडू, तीळ, कडधान्यें, आणि खाणाऱ्यांनीं मटण व कलेजी, यांतून लोह मिळतें. भाजीवर लिंबू पिळलें किंवा जेवणाबरोबर पेरू वा आवळा खाल्ला, तर धान्य-भाजींतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागतें. म्हणून जेवण व चहा यांत तासाभराचें अंतर ठेवावें. सरकारी व अनुदानित शाळांतून मुलांस आठवड्यास लोहाची जी निळी गोळी मिळते, ती खिडकीबाहेर टाकणाऱ्या मुलींनीं ही ओळ पुन्हां वाचावी. याहून अधिक लोह घ्यावयाचें तर रक्त तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावें. आणि बारीक होण्याच्या हव्यासानें जेवण टाकणाऱ्या मुलीनें समजून असावें कीं, आज टाकलेलें ताट तीन महिन्यांनीं कंगव्यांत दिसतें.

दुसरा उपाय तेलाचा. तेलानें नवे केस उगवत नाहींत. परंतु असलेले केस तुटण्यापासून वांचतात, आणि हा लाभ थोडा नव्हे. मुंबईच्या रेळे व मोहिले या संशोधकांनीं २००३ सालीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वीं व नंतर लावलें असतां केसांतील प्रथिनाचा नाश खोबरेलानेंच कमी झाला. कारण खोबरेलांतील लॉरिक आम्लाचे कण लहान व सरळ असल्यामुळें केसाच्या आंत शिरतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनींतच काम करीत, हेंहि सांगितलें पाहिजे. तरी आजीबाईंच्या अनुभवाशीं त्यांचा निष्कर्ष जुळतो. न्हाण्यापूर्वीं थोडें खोबरेल कोमट करून बोटांच्या पेरांनीं हलक्या हातानें लावावें व मग धुऊन टाकावें. जोरानें चोळल्यानें केस गुंततात व तुटतात. ज्यांच्या डोक्यांत कोंडा आहे त्यांनीं तेल रात्रभर ठेवूं नये. कोंड्याशीं ज्या सूक्ष्म बुरशीचा संबंध आहे तिचें पोषणच मुळीं तेलकट द्रव्यावर होतें.

तिसरा उपाय न्हाण्याचा. शिकेकाई व रिठे यांत फेंस देणारीं द्रव्यें असतात, व तीं मळ काढतात. शिकेकाई, आवळकाठी व थोडे रिठे रात्रीं भिजवून, सकाळीं उकळून, गाळून घेतलेलें पाणी चांगलें. भरड पूड डोक्यावर घांसूं नये, व तें पाणी डोळ्यांत जाऊं देऊं नये, फार झोंबतें. हें ज्यांस साधत नाहीं त्यांनीं सौम्य शांपू वापरावा. त्यांत कमीपणा नाहीं. पाणी कोमट असावें, कढत नसावें. केस धुतल्यानें गळतात ही भीति खोटी आहे. जे गळावयाचेच होते तेच धुतांना निघतात.

चौथा उपाय कंगव्याचा. ओला केस ताणला जातो व लवकर तुटतो. म्हणून न्हाल्यावर टॉवेलानें झटके मारूं नयेत, पाणी टिपून घ्यावें, व केस बरेचसे वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्यानें शेंड्याकडून आरंभ करून वर वर यावें. प्रत्येकानें आपला कंगवा निराळा ठेवावा. उवा व नायटा हे दोन्हीं उसन्या कंगव्यावरून फिरतात. विजेच्या यंत्रांनीं केस वारंवार तापवून सरळ करणें हें तर आपल्या हातानें दोरा जाळणें होय.

पांचवा उपाय वेणीचा, आणि येथें आम्हां शिक्षकांकडेहि थोडा दोष येतो. केस नीट बांधलेले असावे हा शाळेचा नियम योग्य आहे; पण नीट म्हणजे घट्ट नव्हे. रोज ताणून बांधलेल्या वेणीनें व अंबाड्यानें कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस ओढले जाऊन गळतात, आणि हा प्रकार वर्षानुवर्षें चालला तर तेथील केशकूप कायमचे नष्ट होतात. वेणी घातल्यावर कपाळाची त्वचा ताणलेली वाटली कीं ती सैल करावी, व रात्रीं केस मोकळे किंवा सैल बांधून निजावें.

कांद्याचा रस, माका, जास्वंद यांविषयीं सर्वच विचारतात. बगदाद येथें २००२ सालीं चाईच्या रोग्यांवर कांद्याच्या रसाचा प्रयोग झाला. दिवसांतून दोनदां रस लावणाऱ्या २३ जणांपैकीं २० जणांस सहा आठवड्यांत केस आले. नुसतें पाणी लावणाऱ्या १५ जणांपैकीं दोघांसच आले. हा प्रयोग लहान आहे, चाई पुष्कळदां आपोआप भरून येते, आणि तो चाईपुरताच आहे. टकलास किंवा तापानंतरच्या गळण्यास तो लागू करतां येत नाहीं. रसानें आग होऊन कातडी लाल झाली तर तो लगेच धुवावा. माक्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. पण उंदराच्या पाठीवरून मनुष्याच्या टाळूविषयीं निर्णय देतां येत नाहीं. माक्याचें वा जास्वंदीचें तेल घरीं करून लावण्यास हरकत नाहीं. त्यापासून तेलाचा गुण मिळेल. त्याहून अधिकाची अपेक्षा मात्र करूं नये.

शेवटचा उपाय झोंप व मनःस्वास्थ्य. परीक्षेच्या धास्तीनें रात्रीचीं जागरणें, अर्धपोटीं अभ्यास व सकाळीं नुसता चहा, हा क्रम महिनोन्महिने चालला तर शरीर त्याची नोंद घेतेंच. तंबाखू व सिगारेट ओढणाऱ्यांत टक्कल अधिक आढळतें, हेंहि मोठ्या मुलांनीं ध्यानांत धरावें.

गळणें सहा महिन्यांहून अधिक चाललें, डोक्यावर डाग, खवले, पू किंवा दुखणें दिसलें, भुवयाहि जाऊं लागल्या, फार थकवा आला, किंवा मुलीची मासिक पाळी अनियमित झाली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां डॉक्टरांकडे जावें. जेथें व्रण पडून केशकूप मरतात तेथें उशिरानें गेल्यास कांहींच उपाय उरत नाहीं.

आतां त्या विद्यार्थिनीची हकीकत पुरी करूं. तिची आई येऊन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त कमी निघालें. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पेजेच्या जागीं वरणभात व अंडीं आलीं. दुसरें कांहीं औषध तिला दिलें गेलें नाहीं. आम्हीं वर्गासमक्ष बोललों होतों, म्हणून वर्गासमक्षच तिची क्षमा मागितली. मग तिच्या संमतीनें पुडींतील एक केस शास्त्राच्या तासास सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला. मुलें रांगेनें येऊन पाहून गेलीं. पांढरें टोंक कसलें, असें एकानें विचारलें, तेव्हां आम्ही बोलण्यापूर्वींच मागच्या बाकावरून उत्तर आलें: तें मूळ नव्हे; मूळ अजून आंतच आहे.

नाताळपर्यंत केस गळत राहिले. जानेवारीच्या अखेरीस गळणें पुष्कळ कमी झालें, आणि फेब्रुवारींत एके दिवशीं तिच्या कपाळाच्या कडेस बोटाच्या पेराएवढे आंखूड केस उभे राहिलेले आम्हीं पाहिले. ते वेणींत बसत नव्हते व वाऱ्यानें हालत होते. रुमाल त्यापूर्वींच गेला होता. शालान्त परीक्षेच्या निरोपसमारंभास ती पहिल्या रांगेंत बसली होती.

वाचकांपैकीं ज्यांचे केस आज गळत असतील, त्यांनीं बाटली विकत घेण्यापूर्वीं तीन महिन्यांमागची रोजनिशी काढून पाहावी, ताटांत काय आहे तें पाहावें, वेणी सैल करावी, आणि थोडी वाट पाहावी. आणि ज्यांच्या वर्गांत कोणी डोक्यास रुमाल बांधून बसलें असेल, त्यांनीं त्याविषयीं बोलण्याआधीं एकांतांत विचारावें.